डावीकडे न येणारी बस

आमच्या क्वार्टरच्या खिडकीवर रोज राख बसते. सकाळी पुसली तरी दुपारी तिच्यावर बोटाने रेघ ओढता येते. लग्न होऊन मी कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत आले तेव्हा शेजारणींनी मला या राखेबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं, पण मला तिचं फार काही वाटलं नाही. माझे वडील तालुक्याच्या गावी पिठाच्या चक्कीवर कामाला होते आणि रोज पांढऱ्या भुवया घेऊनच घरी यायचे. बारीक धूळ पुसत राहण्याची मला सवय होती.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. माझ्या शिक्षणासाठी किती जणांनी किती सोसलं हे मला माहीत आहे, म्हणून सांगते. नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी चक्कीवर दळायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगितलं होतं. लग्नानंतरही मी ती नोकरी केली. मग मुलगी झाली. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी परत जायचं असं मी धरून चालले होते. त्या सहा महिन्यांची दोन वर्षं कधी झाली, ते कळलं नाही.

मला कोणी अडवलं नव्हतं, हे नीट सांगायला हवं. सासूबाईंनी बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं आणि मला वर्षभर गरम पोळीच वाढली. सासरे प्लांटमधून निवृत्त झालेले. ते माझ्यासाठी कॉलनीच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे. नवरा शिफ्टवरून थकून आला तरी मुलीला खांद्यावर घेऊन फिरायचा. नोकरी करू नको असं एकानेही म्हटलं नाही. कधी जाणार, हेही एकाने विचारलं नाही. दार उघडंच होतं, पण त्या दारात नेहमी कोणीतरी मला काहीतरी चांगलं देत उभं असायचं. त्यांना बाजूला सारून बाहेर कसं पडायचं, ते मला येत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात कूलर काढायच्या दिवशी मी माळ्यावर चढले. वाळ्याच्या ताट्यांच्या मागे एक पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात काळ्या रंगाची, वहीपेक्षा थोडी मोठी अशी एक वस्तू होती. रबराच्या करड्या कळा आणि मागे वायर लावायची भोकं. मला वाटलं, नुसता कीबोर्ड आहे.

"नुसता नाही, पुराच कंप्यूटर हाये तो," खाली शिडी धरून उभे असलेले सासरे म्हणाले. "टीव्हीले लावा लागते. एका साहेबाची बदली झाली तवा त्याच्यापासून घेतला होता. पोरगा इंजिनियर होईन म्हटलं."

"मग?"

"मग काय. पोट्ट्यानं दोन वर्सं त्याच्यावर गेममधले ठिपके मारले अन् प्लांटात ऑपरेटर झाला."

मागच्या खोलीत एक जुना, जाड पाठीचा टीव्ही होता. सासूबाई त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायच्या. सासऱ्यांनी वायरचं एक टोक बदललं, कपडे खाटेवर गेले आणि दोन-तीन वेळा ट्यूनिंगचं चाक फिरवल्यावर करड्या पडद्यावर एक चौकोन उघडझाप करू लागला. तो कोणीतरी काहीतरी लिहिण्याची वाट पाहत होता.

त्याला काय लिहायचं ते मला माहीत होतं. कॉलेजात शिकलेलं तिथे चालणार नव्हतं. शाळेतलं आठवलं.

आमच्या शाळेत संगणकाची खोली होती, पण तिला बहुतेक वेळ कुलूप असायचं. सरांनी आम्हाला प्रोग्रॅम फळ्यावर शिकवला. ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे द्यायचे, म्हणजे मध्ये काही राहून गेलं तर पंधरा नंबरची ओळ घालायला जागा राहते. वर्गातल्या एकाने उठून संगणक व्हायचं. सर ओळ वाचणार आणि तो ती करून दाखवणार. माझी पाळी आली तेव्हा प्रोग्रॅम असा होता: दाराकडे जा, खिडकीकडे ये, परत पहिल्या ओळीवर जा. मी जात-येत राहिले. मध्येच सरांना कोणीतरी ऑफिसात बोलावलं. जाताना ते थांब म्हणायला विसरले, आणि संगणकाने आपणहून थांबायचं नसतं हे मला पाठ होतं. सर परत आले तेव्हा सगळा वर्ग हसत होता आणि मी घामाघूम होऊन खिडकीकडून दाराकडे निघाले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्गाला म्हणाले, हिला समजलं.

मुलगी दुपारी झोपायची तेवढा वेळ माझा. त्या वेळात मी पहिला खेळ केला. वरून राखेचे ठिपके पडतात आणि खाली एक आडवी रेघ डावीकडे-उजवीकडे सरकवून ते झेलायचे. एक ठिपका खाली पडला की खेळ संपला. मशीन बंद केलं की त्यातलं सगळं पुसून जायचं, म्हणून प्रोग्रॅम कॅसेटवर साठवावा लागे. सासऱ्यांचा जुना टेपरेकॉर्डर त्यासाठी कामी आला. साठवताना तो असा किंचाळायचा की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "बेडूक मेला का वं तुहा?"

पहिल्या दिवशी त्या पदराला हात पुसत येऊन बसल्या आणि त्यांनी तो खेळ खेळून पाहिला. तीन ठिपके झेलले, चौथा पडला.

"म्हणजे बाहेर बी झाडू मारा अन् टीव्हीत बी झाडूच मारा," त्या म्हणाल्या. "काही दुसरं नाही सुचलं तुले?"

आम्ही दोघी खूप हसलो. पण त्यांचं बरोबर होतं. मला दुसरं सुचत नव्हतं.

गणपतीच्या दिवसांत कंपनीतल्या माझ्या जुन्या टीमच्या मॅडमचा फोन आला. एक जागा रिकामी होत होती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं असेल तर दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पक्कं सांग, नंतर ती दुसऱ्या कोणाला जाईल, असं त्या म्हणाल्या. शेवटी त्या हेही म्हणाल्या की इतकी वर्षं घरी राहिल्यावर पुन्हा विचारणारं कोणी भेटत नाही, आणि ते खरंच होतं. फोन ठेवल्यावर मी खिडकी पुसली. ती आधीच पुसलेली होती.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याला आनंद झाला, मनापासून. "मस्तच ना. आईशी बोलून घे मग," तो म्हणाला.

"तुम्ही बोला ना."

"मी बोललो तर तिले वाटेल, मीच तुले पाठवून राहिलो. तू बोल. ती काय नाही थोडीच म्हणणार आहे."

तीच तर अडचण होती. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्या "जा" म्हणतील आणि मुलगी दिवसभर त्यांच्या कडेवर राहील. त्यांचे गुडघे दुखतात, ते मला रोज दिसतं.

वडिलांना फोन केला. मागे चक्कीचा आवाज येत होता. ते म्हणाले, "त्या लोकाईनं तुले लेकीवानी ठेवलं बाई. आता त्याईले अजून काही मागू नको." त्यांनी मला शिकवलं होतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला मोडता येत नव्हतं. आणि त्यांनी शिकवलं होतं म्हणूनच ते मानताही येत नव्हतं.

या दिवसांत मी दुसरा खेळ लिहायला घेतला. त्यात एक बस होती. तीन अक्षरं जोडून केलेली, चाकं म्हणून खाली दोन ठिपके. पडद्याच्या डाव्या टोकाला घर, उजव्या टोकाला ऑफिस. 'पी' ची कळ दाबली की बस उजवीकडे जाते, 'ओ' दाबली की डावीकडे परत येते. वाटेत कोळशाचे ट्रक आडवे येतात, ते चुकवायचे. वर एक आकडा कमी कमी होत असतो. तो शून्य व्हायच्या आत ऑफिसला जाऊन घरी पोचायचं, नाहीतर बाळ उठून रडतं. रडणं म्हणजे मशीनचा एक बारीक पिप्प आवाज.

माझा रोजचा रस्ता असाच होता. कोराडीहून बसने सीताबर्डी, तिथून मेट्रोने खापरी, आणि पुढे कंपनीची गाडी. अख्खं नागपूर उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडायचं. मी तो रस्ता अडीच वितींच्या पडद्यावर काढला आणि रोज दुपारी जाऊन येऊ लागले. आकडा कितीवरून सुरू करावा, ते मला ठरवता येत नव्हतं. कमी ठेवला तर कोणालाच जमत नव्हतं, जास्त ठेवला तर खेळात काही राम राहत नव्हता.

सासऱ्यांना हा खेळ फार आवडला. चहा झाला की ते चष्मा लावून बसत. "सूनबाई, ट्रकवाले बरोबर आपल्या रोडचेच उतरवले तू. साइडच देत नाही."

दसऱ्याच्या दिवशी सोनं देताना बोलायचं, असं मी ठरवलं. पाया पडायचं, आपट्याची पानं हातात द्यायची आणि तसंच सांगून टाकायचं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या औजारांची पूजा असते. सासूबाईंनी विळी, कात्री, नवऱ्याचा पाना, स्कूटर सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग ताट घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. मी दारातून पाहिलं. त्या काळ्या मशीनसमोर खाली बसल्या होत्या. त्यांनी कळांवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, फूल ठेवलं आणि चिमूटभर अक्षता टाकल्या.

"तुहं औजार हाये ना ते," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत हात नको लावू."

कंपनीत होते तेव्हा माझ्या लॅपटॉपची अशी पूजा कोणी केली नव्हती.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला कॉलनीतली माणसं आली. मी पाणी, पेढे देत होते. सासूबाई कौतुकाने सगळ्यांना मागच्या खोलीकडे हात करून सांगत होत्या, "आमची सून घरीच बसून गेम बनवते. पोरगी बी सांभाळते अन् हे बी करते. बाहेर जायचं कामच नाही."

आलेल्या बाया माझ्याकडे पाहून मान हलवत होत्या. नशीबवान आहे, असं एकीने म्हटलंसुद्धा. सासूबाईंच्या हातात मी पानं दिली, पाया पडले आणि काहीच बोलले नाही. मी दुपारच्या दुपार बसून केलेले ते खेळ म्हणजे मी घरात सुखी असल्याचा पुरावा झाला होता.

दुसऱ्या दिवशी चहानंतर सासरे खेळायला बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. "सूनबाई, तुही बस गेली ते गेलीच. वापस येतच नाही."

मी पाहिलं. बस उजव्या टोकाला ऑफिसपाशी उभी होती. 'ओ' दाबून काही होत नव्हतं. वरचा आकडा शून्यावर आला आणि बाळ रडायला लागलं.

चूक माझीच असणार, असं मी धरलं. मी नेहमी तसंच धरते. दसऱ्याच्या आधी एक-दोन ओळी बदलल्या होत्या, त्यातच काहीतरी बिघडलं असेल. मी सगळ्या ओळी पडद्यावर आणून एकेक वाचली. बस कुठे आहे ते सांगणारी, ट्रक हलवणारी, कळ दाबली की नाही ते पाहणारी. बरोबर वाटलेली ओळही पुन्हा पुन्हा वाचली. कॅसेटवरची जुनी प्रत चढवली, तीही तशीच. मग वाटलं, जुन्या प्रतीतही चूक होतीच, मला आधी दिसली नसेल. दोन-तीन दुपारी अशाच गेल्या. मॅडमना उत्तर द्यायचा आठवडा चालू होता आणि मी बस परत का येत नाही ते शोधत होते. हे झालं की घरी बोलेन, असं मी स्वतःला सांगत होते. खिडकीकडून दाराकडे, दाराकडून खिडकीकडे.

शेवटी एका दुपारी ओढणीच्या टोकाने कळांवरची राख पुसताना 'ओ' च्या कळेपाशी ओढणी अडकली. मी वाकून पाहिलं. कळ आणि तिच्याभोवतीची पत्र्याची पट्टी यांच्या फटीत तांदळाचा एक दाणा उभा रुतला होता. कुंकवाने लाल झालेला. हळदीच्या ओल्या बोटाबरोबर तो आत गेला असावा आणि तिथेच वाळून घट्ट बसला असावा. कळ वरून हलल्यासारखी वाटायची, पण तळाला पोचत नव्हती. माझ्या ओळींत काही चूक नव्हती.

सासूबाई शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे सेफ्टी पिन मागितली. त्यांनी पदराची काढून दिली. दाणा निघाला तेव्हा मी तो तळहातावर ठेवला, आणि त्यांनी तो पाहिला.

"माह्याच अक्षता का?"

मी मान हलवली.

"मले काय मालूम वं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "मले वाटलं, तुह्या कामाची वस्तू हाये. पूजा झाली पायजे."

त्या वेळी मला दिसलं की पुन्हा तेच होणार आहे. मी म्हणेन, काही नाही झालं आई, आणि दोघी हसू, आणि संध्याकाळ होईल. मी तो दाणा हातातच ठेवला आणि म्हणाले, "आई, हे माझ्या कामाचं नाही. हे मी टाईमपास म्हणून करते. माझं काम मिहानला आहे. त्यांनी परत बोलावलं आहे आणि मला जायचं आहे."

त्यांचे हात थांबले नाहीत. मेथीची पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या बाजूला पडत राहिल्या.

"किती वाजता निघा लागते?"

"सातला. घरी यायला संध्याकाळचे साडेसात तरी होतील."

"म्हणजे पुरा दिवस."

"हो."

"अन् पोरगी?"

मी म्हणाले, "तुम्ही आहात."

हे बोलताना ते मला साधं वाटलं होतं. कानावर पडल्यावर तसं वाटलं नाही.

"हो, मी हावोच," त्या म्हणाल्या. "मी कुठं जातो. पोरगं लहान होतं तवा घरीच होती. सासू पडून होती तवा घरीच. मंग म्हटलं, आता सून आली, आता गुरुवारी भजनाले जात जाऊ. दोन वर्सं झाले, एका गुरुवारी गेली असन त नसन." त्यांनी जुडी बाजूला सारली. आवाजात राग नव्हता. "तुले बोलून नाही राहिली मी. सांगून राहिली."

माझ्या सगळ्या विचारात त्या चांगल्या होत्या, त्यांचे गुडघे दुखत होते, मी त्यांची आभारी होते. त्यांनाही कुठे जायचं असेल, हे त्यात एकदाही आलं नव्हतं.

"दाखव बरं, ते कसं चालते," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या आणि हात पुसून मशीनसमोर बसल्या. मी कळा दाखवल्या. त्यांनी 'पी' दाबून ठेवली. दोन ट्रक चुकवले, तिसऱ्याला निसटती बगल दिली आणि बस ऑफिसपाशी पोचली. मी म्हणाले, "आता 'ओ' दाबा, ती आता चालते. आकडा कमी होऊन राहिला."

त्यांनी बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं. "थांब न जरा. आत्ताच त गेली."

आकडा शून्यावर आला. मशीनमधलं बाळ पिप्प करून रडलं. त्या आवाजाने की काय, खाटेवरची खरी मुलगी उठली आणि रडायला लागली. आम्ही दोघीही एकदम उठलो. मग त्या खाली बसल्या आणि मी गेले.

संध्याकाळी नवरा आणि सासरे चहाला असताना मी सगळ्यांसमोर मॅडमना फोन लावला आणि दिवाळीनंतर येते म्हणून सांगितलं. कोणीच हो म्हटलं नव्हतं.

"गुरुवारी मी नाही थांबणार," सासूबाई कपबशा गोळा करत म्हणाल्या. "पुरा गुरुवार माह्या भजनाचा."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"गुरुवारी माझी फर्स्ट शिफ्ट राहते," तो म्हणाला.

"मंग बदलून घे गा. तुहीच पोरगी हाये ना?"

"पाहतो," तो म्हणाला. सासरे म्हणाले, मी आहे ना घरी. त्यावर सासूबाई म्हणाल्या, तुमच्या भरवशावर ठेवली तर पोरगी बी ठिपकेच मारत बसन.

आता मी रोज सातच्या आधी स्टॉपवर उभी असते. सीटवर बसण्याआधी रुमालाने राख पुसते. नवऱ्याने गुरुवारची शिफ्ट बदलून घेतली आहे. बाकीचे दिवस सासूबाईच घरी असतात. मी सुटले तेवढ्याच त्या अडकल्या आहेत, हे मला दर सकाळी दारात मुलगी त्यांच्या कडेवर देताना कळतं. त्या तिला घेतात, कमरेवर एकदा वर सरकवतात आणि म्हणतात, "जाय, बस जाईन." संध्याकाळी खापरीला मेट्रोत बसले की मी घड्याळ पाहते. बस सीताबर्डीहून निघाली की पुन्हा पाहते. गुरुवारी पाहत नाही. गुरुवारी मी घरी पोचते तेव्हा बहुतेक वेळा त्या आलेल्या नसतात.